धाकल्याचा वाटा

धनगराच्या पोटी जन्माला आलेल्या माणसाला कुत्र्याची हौस नसते. घरात पाटा-वरवंटा असतो तसं त्याच्याकडं कुत्रं असतंच. त्यामुळं पाटबंधारे खात्यातले वरिष्ठ लिपिक ज्योतिबाराव पुकळे ऐन पन्नाशीत कुत्र्याच्या नादाला लागले, हा दोष त्यांचा नव्हे, सातारच्या हवेचा. म्हसवडच्या माळावरनं उठलेला माणूस साताऱ्यात येऊन गोडोलीच्या पुढं कृष्णाई कॉलनीत घर बांधतो, दारात तुळस लावतो, गच्चीवर सोलर बसवतो, आणि मग त्याला वाटायला लागतं की आपलं अजून काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते सांगायला शेजारी असतातच.

शेजारी होते सुभेदार मानसिंग थोरात. वाळवा तालुक्यातले, घरचा ऊस, उभी हयात फौजेत काढलेली. त्यांच्याकडं एक अल्सेशियन होता आणि त्याचं नाव कर्नल. जन्मभर ज्या हुद्द्याला सलाम ठोकला त्याला सकाळ-संध्याकाळ 'बैठ' म्हणायचं सुख सुभेदारांनी निवृत्तीनंतर करून घेतलं होतं, आणि त्यात आम्हाला तरी काही गैर दिसत नाही.

"पुकळेसाब," मानसिंग एकदा गेटवर रेलून म्हणाले, "बंगला हाय, गेट हाय, आन् आत कुत्रा न्हाई? ही पोस्ट म्हनायची का धर्मशाळा? पुण्यात माझ्या मेव्हण्याच्या वळखीत लॅब्राडोर मिळंल. विचारू का?"

"विकत?" ज्योतिबाराव म्हणाले. "पुकळ्यानं कुत्रं विकत घेतलं असं म्हसवडात कळलं तर सिद्धनाथाच्या देवळात उभं करायचे नाहीत मला. अहो, सात पिढ्या कुत्र्यांत गेल्या आमच्या. मी नुसता कान बघून जात सांगतो."

हे ते चार माणसांदेखत, मोठ्यानं म्हणाले. माणसानं मोठ्यानं बोलावं ते जपून. बारीक आवाजात बोललेलं वेळप्रसंगी गिळता तरी येतं.

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला ते गावी गेले. त्यांचा धाकटा भाऊ बिरदेव अजून मेंढरांमागं होता, आणि रथ झाल्याशिवाय तो कळप घेऊन पश्चिमेला उतरत नसे. ज्योतिबाराव तळावर पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. कुत्रीची पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. त्यांच्यापासून लांब, बोरीच्या काट्यांच्या आडोशाला, आणखी एक पिल्लू एकटं बसलं होतं. राखी-तांबूस रंग, पाय अंगापेक्षा लांब, कान ताठ. त्यानं ज्योतिबारावांकडं बघितलं आणि बघतच राहिलं.

"हे नेतो मी," ज्योतिबाराव म्हणाले.

बिरदेवाचा चेहरा उतरला. "दादा, त्ये नगं. ह्ये काळं बघ की. लय गुनाचं हाय."

"का? त्यात काय खोट आहे?"

"आपलं न्हाई त्ये. चुकून आलंय."

"मग कुणाचं आहे?"

बिरदेवानं नुसतं मेंढरांकडं बघितलं. ज्योतिबारावांना वाटलं, चांगला माल आहे म्हणून हा हात आखडतोय. ते हसत हसत म्हणाले, "काय रे, कुत्र्यांवर पण सगळा तुझाच हक्क काय? माझाही वाटा आहे यात. माझा वाटा मला दे."

आता इथं दोन रिवाज सांगायला हवेत. कळपासमोर उभं राहून कुणी 'वाटा' मागितला तर त्याला नाही म्हणायचं नसतं, हा एक. आणि एका जनावराचं नाव मेंढरांच्या कानावर पडू द्यायचं नसतं, हा दुसरा, कारण नाव घेतलं की ते येतं. दोन रिवाज असे दोन्ही बाजूंनी आल्यावर बिरदेवासारख्या सरळ माणसानं काय करावं? त्याला नाही म्हणता येईना, आणि का नाही तेही सांगता येईना. त्यानं मुंडासं सारखं केलं आणि "ने," एवढंच म्हणाला. ज्योतिबारावांना हे दोन्ही रिवाज लहानपणी पाठ होते. पण फायलींवर 'सादर' लिहिता लिहिता माणूस काय काय विसरतो याचा हिशेब कोण ठेवतो?

वाचकांच्या घरात मेंढरं नसतील या भरवशावर सांगून टाकतो. ते लांडग्याचं पिल्लू होतं.

साताऱ्यात ज्योतिबारावांच्या बायकोनं, म्हणजे विट्याच्या रेश्माबाईंनी, गेट उघडलं आणि पिल्लाला बघून त्या म्हणाल्या, "गोड आहे हो. आपण ब्रुनो नाव ठेवू." तेवढ्यात मागनं तानुबाई आल्या. ज्योतिबारावांची आई. ऐंशीच्या पुढची म्हातारी, दोन वर्षांपूर्वी लेकानं हट्टानं साताऱ्याला आणलेली. पायरीवर ती थबकली. पिल्लाकडं बघितलं, लेकाकडं बघितलं. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं कपाळापर्यंत ओढला, अंग चोरून बाजूला सरकली, आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"या, भावजी."

रेश्माबाई हसल्या. ज्योतिबाराव हसले नाहीत. 

कारण धाकल्याची गोष्ट त्यांनी आईच्याच मांडीवर ऐकली होती. सात भाऊ होते. मेंढरांची वाटणी झाली तेव्हा धाकला रानात गेला होता, आणि त्याला विचारायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तो परत आला तर सगळ्या मेंढरांवर खुणा पडलेल्या. तो भांडला नाही. म्हणाला, "ठेवा तुमची. माझा वाटा माझा मी येऊन नेत जाईन." आणि पुन्हा रानात गेला, तो दोन पायांवर परत आला नाही. म्हणून कळपातलं मेंढरू लांडग्यानं नेलं तर धनगर शिव्या देत मागं धावत नाही. धाकल्यानं वाटा नेला म्हणतो आणि चालायला लागतो. आणि घरातल्या बायकांचा तो दीर लागतो.

आईचा पदर बघितल्याबरोबर ज्योतिबारावांना सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी पिल्लू बिरदेवाकडं परत पाठवलं असतं तर ही कथा इथंच संपली असती. पण सकाळी मानसिंग कर्नलला घेऊन गेटवर हजर. "बघू द्या साब. कान बघून सांगा, जात कंची?"

"माणदेशी कारवान," ज्योतिबाराव म्हणाले. "दुर्मिळ आहे." आणि त्या एका शब्दानं त्यांनी स्वतःला बांधून घेतलं.

कर्नल मात्र पुढं आला नाही. त्यानं गेटच्या सळईतनं एकदा वास घेतला, शेपूट पायात घातलं आणि सुभेदारांच्या व्हॅनखाली जाऊन बसला. पुढं तो मुक्काम त्यानं कायमच केला. मानसिंग वाटीत दूध घेऊन पालथे पडून त्याची मनधरणी करताना दिसायचे.

ब्रुनो भुंकायचा नाही. कधीच नाही. पोस्टमन येवो, भंगारवाला येवो, तो उठून एका जागी उभा राहायचा आणि बघायचा. भंगारवाल्यानं त्या गल्लीत ओरडणंच सोडून दिलं. पोस्टमन पत्रं सुभेदारांकडं टाकायला लागला. मानसिंग म्हणाले, भुंकत न्हाई म्हंजी ट्रेनिंग पाहिजे, आणि त्यांनी स्वतः गेटबाहेर उभं राहून 'सावधान-विश्राम' सुरू केलं. दोन दिवस ते एकटेच सावधान आणि विश्राम करत राहिले आणि ब्रुनो बघत राहिला. तिसऱ्या दिवशी सुभेदार कंबर धरून घरी बसले.

"रागावल्यावर तुम्ही असंच बघता," रेश्माबाई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. त्या थट्टेनं म्हणाल्या, पण म्हटल्यावर त्यांचेच हात थांबले.

ब्रुनो म्हणून हाक मारली तर तो कानही हलवायचा नाही. चुचकारा, शिटी मारा, बिस्किटाचा पुडा वाजवा, काही नाही. आणि एका संध्याकाळी दिवेलागणीला तानुबाईंनी आतनं हाक दिली, "जोत्या, ये रं." ज्योतिबाराव आरामखुर्चीतनं उठले. उठले तर समोर ब्रुनो आधीच उठून उंबऱ्याशी जाऊन उभा.

योगायोग म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कार्यालयातल्या शिपायानं घरी फायली आणल्या आणि "ज्योतिबारावसाहेब" म्हणाला, तर ब्रुनो ढिम्म. रेश्माबाई "अहो" म्हणाल्या, तरी ढिम्म. फक्त म्हातारीची 'जोत्या' ऐकली की तो उठायचा, आणि ज्योतिबारावांच्या आधी उठायचा. आपल्या आईनं आपल्याला मारलेल्या हाकेला आपण रोज दुसरे पोचतो, ही गोष्ट वरिष्ठ लिपिकाच्या मनाला किती लागते ते सांगून कळायचं नाही. तक्रार तरी कुठल्या खात्याकडं करणार?

"आई, तू मला साहेब म्हण," ते एकदा म्हणाले.

"का रं? मी तुला जोत्याच म्हनायची. त्येला बी काय म्हनू मग?" म्हातारी म्हणाली, आणि हे उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात यायची. गावी असताना तानुबाई रोज संध्याकाळी खोपीबाहेरच्या दगडावर चतकोर भाकरी ठेवायची. ज्योतिबारावांनी ती कधी बघितली नव्हती. ते शाळेपासनं म्हसवडच्या बोर्डिंगात, मग साताऱ्यात. बिरदेव सांगायचा, आई वाटा ठेवल्याबिगर जेवत न्हाई. धाकल्याचा वाटा, हे न सांगता कळण्यासारखं होतं. साताऱ्याला आल्यावर म्हातारीनं ते बंद केलं. "इथं ठेवत नाहीस?" असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, "इथं कशाला?" बरोबरच होतं. साताऱ्यात कुठला आलाय लांडगा? आता मात्र तो पायरीवरच बसला होता, आणि म्हातारी काही दगडावर भाकरी ठेवत नव्हती. ताटलीत वाढून, पदर सावरून, पाठमोरी होऊन त्याच्यापुढं सरकवत होती.

पाडव्यापर्यंत तो कमरेएवढा झाला. मग एका संध्याकाळी, अजिंक्यताऱ्यावरचे दिवे लागायच्या सुमारास, त्यानं पूर्वेकडं तोंड केलं आणि मान वर करून आवाज दिला. लांबच लांब, कुणाला तरी बोलावल्यासारखा. गोडोलीपासनं वरच्या गल्लीपर्यंतची सगळी कुत्री एकदम गप्प झाली. कॉलनीत टीव्ही चालू होते, ते लोकांनी आपोआप बारीक केले. आवाज थांबल्यावर एकामागं एक खिडक्या लागल्याचं ज्योतिबारावांना ऐकू आलं.

कॉलनीचे सेक्रेटरी दिग्विजय यांनी त्या आवाजाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माणदेशी कारवान असा ओरडतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.' जाणकारांनी प्रकाश टाकला. तो फिरत फिरत वनखात्यात गेला, आणि एका सकाळी दारात सरकारी जीप उभी राहिली.

वनाधिकारी बाई तरुण होत्या. नाव उत्कर्षा, मूळच्या जतच्या. त्या गेटच्या आत आल्या, ब्रुनोकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरून उभ्या राहिल्या.

"पुकळेसाहेब, हा लांडगा आहे."

"माणदेशी कारवान आहे."

"कान बघितलेत का त्याचे?"

भिंतीपलीकडं सुभेदार खोकले. ज्योतिबारावांनी मान खाली घातली.

"कुठनं आणलात?"

बिरदेवाचं नाव सांगितलं तर उद्या जीप त्याच्या तळावर जाणार, हे ज्योतिबारावांना कळत होतं. "सापडला," ते म्हणाले.

"जप्त करावा लागेल."

"न्या की मग." हे ते इतक्या चटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

"कुठं नेऊ? उसातनं धरलेले बिबटे आहेत आमच्याकडं. एक पिंजरा रिकामा नाही." बाईंनी कागद काढले. "जप्त करून तुमच्याच ताब्यात देते. केसांचा नमुना तपासायला पाठवू. निकाल येईपर्यंत साखळीनं बांधून ठेवायचा. सुटला, मेला, हरवला तर गुन्हा तुमच्यावर. सरकारी नोकर आहात, निलंबन होईल."

"आणि कुत्रा निघाला तर?"

"तर नगरपालिकेचा परवाना काढावा लागेल."

अशा रीतीनं ज्योतिबाराव एकाच सहीनं आरोपी आणि तुरुंगाधिकारी दोन्ही झाले. त्यांची अधीक्षकपदाची बढती वरच्या कार्यालयात सहीला गेली होती. ती हातची जाऊ नये एवढीच आता त्यांची सिद्धनाथाला मागणी होती.

नमुना घ्यायला आलेला माणूस जनावराजवळ जाईना. "सात पिढ्या कुत्र्यांत गेल्यात साहेबांच्या," मानसिंगांनी भिंतीवरनं आठवण करून दिली. मग ज्योतिबाराव स्वतः गेले, मानेचे चार केस उपटले. तो गुरगुरला नाही, अंग आकसून घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला, आणि केस उपटताना आपलंच मानगूट चुरचुरलं असं ज्योतिबारावांना स्पष्ट वाटलं.

साखळी घातली त्या दिवशी तानुबाईंनी रात्रीचं जेवण सोडलं. "दीर दाव्याला बांधून मला घास जायचा न्हाई." ज्योतिबारावांनी कायदा समजावला, वन्यजीवांची अनुसूची समजावली, पेन्शन समजावलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं.

पहाटे बघावं तर साखळी अंगणात पडलेली, पट्ट्याचं बक्कल लावलेलं, आणि तो साखळीच्या शेजारी शांत बसलेला. पट्टा आवळून बांधला, कुलूप लावलं. पुन्हा तेच. मानसिंगांनी येऊन पट्टा उलटासुलटा करून बघितला, आपल्या मनगटात घालून बघितला. "साब, बक्कल जसंच्या तसं हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फौजेतला राहिला नव्हता. "सुटायचं त्याच्या हातात हाय, तर जात का न्हाई ह्यो?"

महिन्याभरानं निकाल आला. उत्कर्षाबाईंनी तो स्वतः आणून दाखवला. 'नमुना मानवी आढळून आला. नवीन नमुना पाठवावा.'

कागद अंगणातल्या सगळ्यांच्या हातातनं फिरला. मग मानसिंग म्हणाले, "तुमचाच केस चिकटून गेला असंल, साब." ज्योतिबारावांनी डोक्यावरची टोपी काढून दाखवली. तिथं चिकटून जाण्यासारखं काही नव्हतं.

"असं होतं कधी कधी. हाताळणीत चूक होते," बाई म्हणाल्या. पण नवा नमुना घ्यायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि जाताना पायरीवर बसलेल्या तानुबाईंचा कपाळापर्यंतचा पदर बघून त्यांचा हात नकळत ओढणी डोक्यावर घ्यायला गेला. "साखळी अजून ठेवावी लागेल," एवढं म्हणून त्या जीपमध्ये बसल्या.

"मानूसच हाय त्यो," म्हातारी म्हणाली. "त्येला कागूद कशाला लागतुया?" आणि त्या दिवसापासनं तिनं अन्नच सोडलं. कोरा चहा तेवढा घ्यायची. डॉक्टर आले, सलाईन लावून गेले. तिनं ते हातानं काढून ठेवलं. रेश्माबाईंनी मऊ भात कालवला, पाया पडल्या. म्हातारी नातसुनेला समजावावं तसं सुनेला समजावत म्हणाली, "रागं न्हाई गं बाई. घशाखाली उतरत न्हाई, त्येला मी काय करू?" चार-सहा दिवसांत ती अंथरुणाला इतकी चिकटली की चादरीखाली कुणी आहे की नाही ते वाकून बघावं लागायचं. आणि बाहेर त्यानंही ताटलीला तोंड लावलं नव्हतं.

ज्योतिबारावांना रडू फुटलं. चांगलं ओक्साबोक्शी, कार्यालयात जायच्या कपड्यांत. बढतीचा कागद त्याच आठवड्यात यायचा होता. ते रडत रडत उठले, कुलूप काढलं, साखळी काढली आणि सुभेदारांच्या गेटवर गेले. "तुमची व्हॅन पाहिजे. म्हसवडला जायचंय."

"गुन्हा व्हईल, साब."

"होऊ दे."

मानसिंगांनी एकदा मोटारीखाली बसलेल्या कर्नलकडं बघितलं, घरात गेले आणि किल्ली घेऊन आले.

मागच्या सीटवर म्हातारी, पदर कपाळापर्यंत, आणि तिच्या पायाशी तो. कोरेगाव गेलं, पुसेगाव गेलं, दहिवडीला झाडं संपून माळ सुरू झाला. जन्मात गप्प न बसलेले सुभेदार सबंध वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. आरशात मात्र सारखं बघत होते. मागं दोन माणसं बसल्यासारखी वाटतात, असं त्यांनी नंतर फक्त आपल्या बायकोला सांगितलं, म्हणजे कॉलनीत सगळ्यांना कळलं.

बिरदेवाचा कळप माळावर होता. आषाढाचं गार वारं सुटलं होतं आणि उजेड उतरत होता. मेंढरांना वास लागला, ती एकमेकांत घुसून गोळा झाली, पण एकही ओरडलं नाही. बिरदेवानं आईला उचलून खाली उतरवलं. तिनं पदराच्या गाठीतनं भाकरी काढली, मोडली आणि दगडावर ठेवली.

"जावा भावजी," ती म्हणाली. "तुमचा कुनी आपमान क्येला न्हाई. पोरगं आडानी हाय."

तो गेला नाही. भाकरीकडं बघितलंही नाही. ज्योतिबारावांकडं बघत उभा राहिला. उजेड आणखी कमी झाला, मानसिंग व्हॅनमध्ये जाऊन बसले आणि काचा वर केल्या, तरी तो जागचा हलेना.

"तूच मागितला हुतास, दादा," बिरदेव हळूच म्हणाला. "मेंढरांम्होरं."

ज्योतिबारावांच्या एकदम लक्षात आलं. ते कळपासमोर गेले. पायात कार्यालयाचे बूट, अंगावर इस्त्रीचा शर्ट. "मी वाटा मागितला होता," ते म्हणाले. "त्यो मी सोडला. बिरदेवा, सोडला मी."

मग त्यानं दगडावरची भाकरी तोंडात धरली, वळला आणि झुडपांमधनं चढ चढत निघून गेला. वर कड्यावर आभाळाच्या उजेडात क्षणभर काहीतरी उभं दिसलं. ते चार पायांवर होतं की दोन, यावर दोघा भावांचं अजून एकमत नाही, आणि दोघंही त्यावर बोलत नाहीत. तानुबाई बिरदेवाच्या चुलीपाशी बसली, कांदा फोडला आणि अख्खी भाकरी खाल्ली. ज्योतिबाराव समोर बसून तिचा एकेक घास बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच उत्कर्षाबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"सुटला असं लिहिते," बाई म्हणाल्या. "निष्काळजीपणा. समज देऊन मिटेल. सोडला म्हणालात तर निलंबन."

आता कुठलाही शहाणा माणूस इथं मान हलवून घरी गेला असता. पण ज्योतिबारावांच्या अंगात सात पिढ्या उभ्या राहिल्या. "सुटला? पुकळ्याच्या हातनं जनावर सुटलं असं लिहायचं सरकारी कागदावर? सोडला लिहा. मी सोडला."

"कुठं?"

"जिथला तिथं."

बाईंनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं आणि लिहिलं. ज्योतिबाराव निलंबित झाले. अधीक्षकाच्या खुर्चीवर त्यांच्या हाताखालचा माणूस बसला आणि पेढे घेऊन घरी आला, तेही त्यांनी खाल्ले. दिग्विजयांनी ग्रुपवर 'अभिनंदन' टाकलं, ते नक्की कुणाला हे कुणी विचारलं नाही. कर्नल मोटारीखालनं बाहेर आला आणि पोस्टमन पुन्हा गेटपर्यंत यायला लागला.

चौकशीचं पत्र आलं त्या संध्याकाळी ज्योतिबाराव पायरीवर बसले होते. आत दिवा लागला. तानुबाई भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि कंपाऊंडच्या भिंतीवर चतकोर भाकरी ठेवली.

"गावाकडं ठेवायचीस तशी," ज्योतिबाराव म्हणाले. "त्याचा वाटा."

"ही त्येची. घरात जेवून गेला, आता ठिवाया पायजे." म्हातारीनं भाकरी नीट सरकवली. "गावाकडं त्येला कशाला ठिवू? त्यो मेंढरूच न्हेतुया की. भाकरी कवा खातुया त्यो?"

"मग गावाकडं कुणाची ठेवायचीस?"

"तुझी रं. धा वर्साचा बोर्डिंगात गेलास. कळपातनं एकलाच भायेर गेलास, पुन्ना कळपात आलाच न्हाईस. कुटं जेवला आसंल, जेवला आसंल का न्हाई, मला कसं कळावं? मी आपली दगडावर ठिवायची. हितं तुझ्यापशी आले, मग कशाला ठिवू?"

ज्योतिबारावांनी भिंतीवरच्या भाकरीकडं बघितलं. भिंतीपलीकडं अंधार दाट होत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि ती खायचं कोण, आई?"

"तूच की," म्हातारी म्हणाली. "सकाळी बघावं तर नसायची. मी म्हनायची, पोटभर जेवला माझा लेक."

ती आत गेली. थोड्या वेळानं आतनं हाक आली, "जोत्या, ये रं जेवाया." भिंतीपाशी काहीतरी हललं. काय हललं ते बघायला ज्योतिबाराव थांबले नाहीत. हाक त्यांना होती, आणि या खेपेला ते आधी उठले.